गच्चीची किल्ली

नवरात्र उठलं की आमच्या सोसायटीत
गच्चीच्या किल्लीसाठी रांग लागते.
वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला,
लाल नाडीत ओवलेली एकच किल्ली
आणि खाली वही: नाव, फ्लॅट, वाळवण, वेळ.

नेरुळ, सेक्टर सोळा. सिडकोच्या भिंती
चार महिने प्यायलेलं पाणी
आत्ता कुठे परत करायला लागल्यात.
बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशीचा नकाशा;
दरवर्षी त्यात एखादा नवा देश येतो.
मी जुन्या कालथ्याने खरवडते,
व्हिनेगरचं फडकं फिरवते,
मग पुट्टी, मग पांढऱ्याचा एक हात.
माधव स्टूल धरून उभा राहतो
आणि कुठे राहिलं ते सांगतो.

छत्र्या वाळवून, काड्यांना तेल लावून लॉफ्टवर.
रेनकोटच्या घड्यांत पावडर.
त्याच हाताने सुटकेस खाली:
दोन स्वेटर, शाल, एक कानटोपी
महाबळेश्वरला घेतलेली, तिथेच वापरलेली.
डांबरगोळ्यांचा वास आला की
उगाच हुडहुडी भरल्यासारखं होतं,
छत्तीस डिग्रीत.

आमची थंडी आठ दिवसांची.
पंखा दोनवर, पहाटे पायाशी चादर चाचपणं,
आणि जिन्यात धापा टाकत एकमेकांना
‘आज जरा गारच आहे, नाही?’
एवढ्यासाठी महिनाभर पसारा?
माधव विचारतो. दरवर्षी. स्टूल धरूनच.

त्याला कसं सांगू, थंडी आली काय, न आली काय,
मला हा पसाराच हवा असतो.
सगळे ज्याला शिव्या घालतात ते ऑक्टोबरचं ऊन
गोधडीच्या टाक्याटाक्यात शिरताना
टाकीला टेकून बघत बसायचं,
मांडीवर उकडलेले शिंगाडे,
तोंड खाडीकडे.
फ्लेमिंगो अजून आलेले नाहीत.
पाणी मात्र कसं, पाहुणे यायच्या घरातल्या
पुसलेल्या फरशीसारखं.
पारसिकच्या डोंगराचा हिरवा
कडेकडेने उसवत पिवळा होतोय.
दिवाळे गावाकडून वारा फिरला की सुक्या बोंबलांचा वास,
तिकडेही कुणीतरी डबे भरतंय.

तीनशे दोनच्या मंदाकिनीबाई गाद्या घेऊन आल्या,
एकशे चारचा तेजस कंदिलाचा सांगाडा,
खळ वाळेपर्यंत हातात धरून, देवाच्या मूर्तीसारखा.
आम्ही काठ्यांनी गाद्या बदडल्या.
धूळ अशी उडाली
की सगळ्यांना शिंका, मग हसू,
मग कुणीतरी खाली ओरडून चहा सांगितला.

चहा घेऊन रामसजीवन आला.
तो बहराइचचा, खऱ्या थंडीतला माणूस.
‘ये भी कोई ठंड है, भाभीजी,’ दरवर्षी म्हणतो.
यंदा नाही म्हणाला. कप गोळा करता करता
दोरीच्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिला.
मग हळूच, मेरा भी एक गद्दा है,
मीटर रूम में. जून से गीला है.

नऊ वर्षं किल्ली याच्या खिळ्याला.
मी वही मागे मागे चाळली.
त्याचं नाव एकाही पानावर नाही.
माझं अक्षर मात्र सगळीकडे, ठळक.

दुसऱ्या दिवशी रांगेत मी पहिली.
नाव: रामसजीवन.
फ्लॅटच्या रकान्यात पेन अडखळलं,
मग लिहिलं, मीटर रूम.
वेळ: ऊन असेपर्यंत.
सेक्रेटरी विचारतील. विचारू देत.

गादी वर न्यायला तिघं लागलो, इतकी जड.
माधवने काठी उचलली.
थांब, म्हटलं, आधी नुसती तापू दे तिला.

संध्याकाळी ती त्याने एकट्याने उतरवली, खांद्यावर.

घरी येऊन बघते तर कोपऱ्यात
पांढऱ्याखालून एक देश पुन्हा वर आलेला.
असू दे.
दिवाळीला अजून नऊ दिवस आहेत.