क्युअरिंग

एकतीस वर्षं मी काँक्रीटचे क्यूब फोडले,
शिवाजीनगरच्या लॅबमध्ये.
अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेला ठोकळा मशीनखाली,
काटा चढत जायचा, चढत जायचा,
मग एक बारीकसा आवाज.
मी आकडा लिहायचे.

मार्चमध्ये पद्मावतीला
पीएमटीच्या पायरीवरून घसरले
आणि तोच आवाज मनगटातून आला.

रिपोर्टवर उणे दोन पूर्णांक नऊ.
असा क्यूब माझ्याकडे आला असता
तर लाल शाईनं लिहिलं असतं: अमान्य.
"पण कॅल्शियम घेते मी, सहा वर्षं, न चुकता."
डॉक्टर चाफळकर म्हणाली, "आणि जेवता काय?"
चहा-खारी. दुपारी दीड पोळी.
रात्री एकटीसाठी काय मांडायचं,
मऊ भात, मेतकूट.

रिपोर्टच्या पाठीवर तिनं एक जाळी काढली.
"हाड म्हणजे नुसता चुना नाही, काकू.
आत प्रथिनांची वीण असते,
तिला धरून बाकीचं उभं राहतं."

मला सांगतेय!
सहा वर्षं मी सिमेंट ओतत राहिले
आणि सळई बांधायचीच राहिली.

आता ओट्यावर मटकी असते.
फडक्यात गच्च, येता-जाता पाणी शिंपडते,
नव्या खांबाला गोणपाट गुंडाळून
ओलं ठेवावं तसं.
वरच्या मजल्यावरचा ओजस जिमला जातो,
तो अंडी आणून देतो.
पहिलं उकडलं तेव्हा खिडक्या लावून घेतल्या होत्या.
हल्ली लावत नाही.

बावन्न किलोची मी, रोज साठ ग्रॅम हवेत.
जुन्या रजिस्टरात मांडते:
मटकी, वाटीभर, आठ.
अंडं, सहा. ताकाचे किती धरायचे?
बेरीज पन्नाशी ओलांडत नाही.
तरी खोटा आकडा लिहीत नाही. सवय नाही.

"आणि भार," ती दारापर्यंत आली होती सांगायला,
"भार पडल्याशिवाय हाडाला कळत नाही
आपली गरज आहे म्हणून."
मी तर आयुष्यभर
भार दिला तो फोडण्यासाठी.

पुढचा स्कॅन वर्षानं.
आकडा सुधारेलच असं नाही, घसरू नये इतकंच.
लिफ्ट चालू असते. तरी दोन किलो हरभरे घेऊन
जिन्यानं चढते,
तिसऱ्या मजल्यावर थांबते,
श्वास खाली बसेपर्यंत
कान देऊन उभी राहते.