जवारी

पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही
एल्फांचे कान टोकदार असतात म्हणून.
चारी खंड पालथे घातले यासीननं,
मिरजेत, दुकानाच्या माळ्यावर, वाळत्या भोपळ्यांत बसून.
मालिकेवाल्यांनी चिकटवले ते, रबराचे.
दुसऱ्या सीझनला तर डावा जरा सुटलेला दिसतो.

त्याचं म्हणणं वेगळंच:
ते मरत नाहीत, म्हणून त्यांची गाणी संपत नाहीत.
समेवर येणं जमेना
तसे जहाजात बसून निघून गेले बिचारे.

खाली अब्बू हाडाच्या घोडीवर कानस फिरवतायत.
एकदा घासायचं. तार छेडायची. थांबायचं.
"टोकदार कान काय करायचेत?
आवाज कुठं मरतोय ते कळतंय का त्यांना?"

यासीन उत्तर द्यायला जिन्यातून वाकतो.
खर्ज अजून
वाजतोय.