तुलनेसाठी निरोगी

फॉर्मवर माझ्या नावापुढे लिहिलंय,
तुलनेसाठी निरोगी.
कुमुदिनी भडसावळे, वय एकसष्ट, उजव्या हाताने लिहिते,
बीकॉम, चष्मा आहे, शरीरात धातू नाही.
डाव्या हातातली बांगडी निघेना,
तेव्हा सिस्टरने साबण आणला.
तीस वर्षांनी मनगट उघडं पडलं.
खालची कातडी एका लहान मुलीची निघाली.

मधू बाहेर बाकावर. त्याचं कालच झालं.
त्याच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही.
म्हणजे, वाचलं.

"काही करायचं नाही, काकू.
समोरच्या अधिकच्या खुणेकडे बघत पडून राहायचं, आठ मिनिटं.
मुद्दाम कसलाच विचार करू नका."
हे काम मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

यंत्र सुरू झालं.
कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब रोवत होते
तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी अशीच थडथडायची.
मी अधिककडे बघते.
डोकं केव्हाच निघालं, पिशवी घेऊन, मंडईत.
ती भाजी… आंबट चुका नव्हे,
ताकातली, हरभऱ्याची डाळ घालून,
पानं मऊ, मागून पांढुरकी, पीठ भुरभुरल्यासारखी,
आई करायची, गेल्या गुरुवारी मीही केली,
नाव काय तिचं?

नावाच्या जागी मधू आला, एकवीस वर्षांचा,
नळ स्टॉपला उभा, हातात लांब वही.
बसचा नंबर, कंडक्टरचा बिल्ला, ढगाचा आकार,
आमच्या घरातल्या शिंका, तारीखवार,
सगळं एकमेकांना रेघांनी जोडलेलं.
सुटं असं काही नाहीच गं, म्हणायचा,
सगळं सगळ्याला कळवतंय.
अण्णांनी वही बंबात घातली.
त्या दिवशी पाणी फार कढत होतं
आणि आम्ही सगळ्यांनी त्याच पाण्याने आंघोळ केली.

आठ मिनिटं संपली. मला वाटलं, दोन झाली असतील.

ऋजुता म्हणून मुलगी आहे, पीएचडी करते.
तिने पडद्यावर ठिपके दाखवले, ठिपक्याठिपक्यांतून धागे.
हे कुणा एकाचं नाही, म्हणाली, सरासरी आहे.
आजारात काही लांबचे धागे सैल पडतात,
आणि ज्या दोन आळ्यांनी एरवी आपापलं बघावं
त्या रात्रभर एकमेकींशी बोलत बसतात.
"आणि वयाचं?"
"वयात भिंती पातळ होतात, काकू.
एक पेठ थोडी थोडी दुसरीत सांडते."
माझ्यासारखीला समजेल असं सांगितलं असावं.
मला समजलंही.
हल्ली मी मधूला अण्णा म्हणून हाक मारते.
वाईट याचं, की तो ओ देतो.

विचारायचं होतं, धागा सुटला ती तारीख यात दिसते का?
बंब दिसतो का?
विचारलं एवढंच, की इथे चहा कुठे मिळतो.

परतताना पूल बंद, कसलंतरी काम चाललेलं.
ड्रायव्हरने बस गल्लीबोळांतून काढली,
वळताना दोनदा मागे घेतली, लोक कावले,
पण काढली.
मधू खिडकीशी. गोळ्यांनी त्याचा हात मांडीवर बारीक थरथरतो,
उकळायच्या आधी दूध हलतं तसा.
मी बांगडी चढवू बघते. साबणाशिवाय ती आत जात नाही.

काचेवरच्या धुळीत त्याने बोटाने रेघ ओढली,
माझ्या प्रतिबिंबापासून
पुढच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीपर्यंत,
आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला,
"चाकवत."

मी वाकून पिशवीत बघितलं.
मेथी होती.