चार मीटर

फरशीवरच्या निळ्या चिकटपट्ट्या मीच लावलेल्या,
एक इकडे, एक तिकडे, मध्ये चार मीटर.
मिस्टर पेनफोल्ड, वय एकोणसत्तर,
टोपी मांडीवर ठेवून पट्टीकडे बघतात.
"एवढंच? मला वाटलं, समुद्रापर्यंत चालवणार."
खिडकीबाहेर ब्रायटनचा चढ, सीगलांची भांडणं,
आणि छपरांच्या पलीकडे राखाडी रेघ एक. तोच समुद्र.

फॉर्म विचारतो, मी वाचते:
गेल्या वर्षभरात, ठरवलेलं नसताना, वजन घटलं का?
"कुठल्या वर्षात? चौऱ्याण्णवात म्हणाल
तर एक्केचाळीस किलो होतो. शर्टासकट."
फॉर्मला फक्त गेलं वर्ष हवंय.
दमल्यासारखं वाटतं का?
ते बराच वेळ गप्प. मग, "बुधवारी."
मी 'कधीकधी'वर खूण करते.

एकतिसाव्या वर्षी त्यांना सांगितलं होतं, दोन वर्षं.
त्यांनी पियानो विकला, विमा मोडला,
गॅरेथला घेऊन लिस्बनला गेले, महागडे मासे खाल्ले.
पेन्शनचं पाकीट आलं, न फोडताच टाकलं.
गॅरेथ एक्क्याण्णवात गेला.
यांचं मरण उधारीवर राहिलं.
"मागच्या महिन्यात किटली घेतली," ते सांगतात,
"पोरगी विचारते, पाच वर्षांची गॅरंटी हवी का.
मी इतका हसलो की तिने मॅनेजरला बोलावलं.
घेतली हो. नऊ पौंड जास्त."

आमच्याकडे या वयाला पिकलं पान म्हणतात.
यांच्या फांदीवरची सगळी हिरवीच गळाली,
पिकायचं कसं हे विचारायला
वर कुणीच उरलं नाही.

आता मूठ. यंत्राची दांडी दाबायची,
सगळा जोर लावून, तीनदा.
त्यांची बोटं मी नीट बसवते.
करंगळी वाकडी, गार.
मिरजेला शिकत होते तेव्हा सहाव्या खाटेवर
असाच एक हात होता, फाइलीवर लाल फुली होती,
आणि मी हातमोजे घातले होते,
एकावर एक, दोन जोड.
त्याचं नाव मला आठवत नाही.
हातमोज्यांची पावडर आठवते.

चोवीस किलो. बावीस. तेवीस.
"कमी आहे?"
कमी आहे.

"आता नेहमीच्या चालीने चाला, या पट्टीपासून त्या."
सहा सेकंद, वर थोडं.
गुडघे ठीक, तोल ठीक. मग?
"सवय," ते म्हणतात. "एका हिवाळ्यात
अकरा जणांना पोचवलं. काहींच्या घरचं कुणी आलंच नाही.
खांदा देऊन भराभर चालता येत नाही."

मग मी फॉर्मात नसलेलं बोलते:
समजा, सात नंबरची बस सुटतेय.
ते टोपी डोक्यावर चढवतात.
चार पूर्णांक सात.
पट्टी ओलांडून पार दारापर्यंत जातात,
थांबायचं विसरून.

कुठला आकडा लिहू?
नियम म्हणतो, नेहमीची चाल.
नेहमीची म्हणजे कधीपासूनची,
ते नियमात नाही.
मी पहिला लिहिते. दुसरा समासात, बारीक पेन्सिलीने.

तीन खुणा भरल्या की माणूस जर्जर,
दोन म्हणजे उंबरठ्यावर.
हे मी समजावते, जमेल तितकं हळू आवाजात.
ते कोट घालतात, बटणं लावतात,
वरचं सुटतं, पुन्हा लावतात.
"उंबरठ्यावर? अहो, सत्त्याऐंशीपासून मी तिथेच उभा आहे.
आतून कुणीतरी खुर्ची द्या आता."

खुर्चीची परीक्षा राहिलीच आहे अजून,
हात छातीशी धरून पाचदा उठायचं, पाचदा बसायचं.
मी खुर्ची भिंतीला टेकवते, हलू नये म्हणून.
ते बसतात, कोटासकट.
घड्याळ माझ्या हातात आहे.
मी लगेच सुरू करत नाही.