नऊ मिलिमीटर

गिऱ्हाईक खुर्चीत, मी त्याच्या उजव्या खांद्याशी उभा.
आम्ही बोलतो ते आरशात.
तो आरशातल्या मला विचारतो, कल्ले किती ठेवणार,
मी आरशातल्या त्याला सांगतो, कानाला शोभतील इतके.
नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या अलीकडे,
एकतीस वर्षं माझ्या निम्म्या गप्पा काचेपलीकडे झाल्या.

काच जाड. बाची खरेदी.
मोडीत निघालेल्या कुठल्याशा हॉटेलातून हातगाडीवर आणलेली.
कडेनं बघाल तर शेवाळी हिरवी,
विहिरीत वाकून बघावं तशी.
पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, बा, भांग दोन दिसतायत.
एक नीट, आणि शेजारी एक पुसट,
ओल्या बोटानं पुसूनही पाटीवर अक्षर उरतं तसा.
बा वस्तरा चामड्यावर घासत होता.
"उजळ असेल त्याच्यावर कात्री चालव," म्हणाला.
माझं सगळं शिक्षण एवढंच.

कारण सांगितलं खांबेटे सरांनी, ते फार नंतर.
कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. डोक्यावर मोजून केस,
तरी महिन्याला न चुकता हजर.
एकदा लाईट गेली, मी मेणबत्ती लावली,
सर गळ्यातल्या टॉवेलासकट उठले
आणि मला आरशाच्या कडेला, भिंतीला चिकटून उभं केलं.
"तिरकं बघ. मोज."

एक ज्योत फिकी, अलीकडे.
दुसरी लख्ख.
मग तिसरी, चौथी, प्रत्येक आधीचीपेक्षा दमलेली.
पाचवी आहे की माझ्या डोळ्यांतलं पाणी, सांगता येईना.

"पहिली काचेच्या उंबऱ्यावरूनच परत फिरलीय.
दुसरी आत शिरली, शिरताना वाकली,
मागच्या मुलाम्यापर्यंत जाऊन आली,
बाहेर पडताना पुन्हा वाकली.
बाकीच्या आतल्या आत हेलपाटे घालतात,
दर खेपेला थोडासा उजेड बाहेर सोडतात."

मग तुम्हाला खुर्चीतून दोन का दिसत नाहीत, मी विचारलं.
"समोर बसलेल्याला सगळे एकामागे एक. त्याला तो एकच वाटतो.
दोन बघायचे तर बाजूला उभं राहावं लागतं."
एवढं बोलून बसले,
आणि मानेवर हात हलका ठेव म्हणाले, मागच्या वेळी कापलं होतंस.

यंदा मालकानं गाळा विकला.
बोहरी आळीतले हुसेनीभाई आरसा बघायला आले.
खिशातून रुपया काढला, काचेवर उभा टेकवला.
बाहेरचा रुपया, आतला रुपया,
टेकवूनही मधे फट.
"बारा मिलिमीटर," नुसत्या नजरेनं.
मी हिशोब केला, म्हणजे काच सहाची.
"नाही हो, नऊची. जाड काच आपली खोली कमी करून सांगते."
पुढे भावाचं बोलले. मी हो म्हणालो.
माझं लक्ष त्या फटीत होतं.
कितीदा तरी, दुकान बंद करताना,
मी बोट लावून बघितलंय.
आतलं बोट कधी लागलं नाही.

सोमवारी शटर अर्धं ओढून शेवटचं काम केलं, माझंच.
बाणेरच्या पार्लरला सोमवारची सुट्टी नसते,
तुषार रजा टाकून आला.
त्याची कात्री जपानी, एप्रन काळा,
खुर्ची किती खाली करायची तेही विसरलेला.
मी पहिल्यांदाच समोरून बसलो.
एकच होतो. दाढी वाढलेला, बारीकसा.
तो माझ्या उजव्या खांद्याशी आला, मान तिरकी केली, थांबला.
"पप्पा, तुम्ही दोन दिसताय."
दिसणारच, म्हटलं.
"मग कुठल्यावर चालवू?"

बाहेर हुसेनीभाईंची माणसं गोणपाट आणि सुतळी घेऊन आलेली.
आरशाला आठ स्क्रू, त्यातले दोन गंजलेले.
"उजळ असेल त्याच्यावर," मी आरशातल्या त्याला सांगितलं,
"आणि सावकाश. वेळ लागतो म्हणावं त्यांना."