विरळ जागा

दसऱ्याची गर्दी दीक्षाभूमीवरून आपापल्या गाडीला लागली,
कूलरचं उरलंसुरलं पाणी उपसून झालं,
खस गच्चीवर वाळत पडली,
तेव्हा कुठे मी चष्मा पुसून
खामल्यातल्या माझ्या एवढ्याशा हिरवळीकडे नीट पाहिलं.

तीन ठिकाणी टक्कल.
एक कूलरच्या स्टँडखाली, चौकोनी, कडांना गंज.
एक नळाशी, तिथे मीच उभी असते पाइप धरून.
आणि तिसरं
कंपाउंडच्या भिंतीपासून लिंबापर्यंत,
सात पावलं लांब, वीतभर रुंद,
टोकाला एक खळगा.

एकतीस वर्षं वीज मंडळात नकाशे काढलेत मी,
रेघ कुणाची ते मला विचारावं लागत नाही.
भोयरांची कौमुदी. डावखुरी फिरकी.
खळगा तिच्या उजव्या टाचेचा.
भिंतीवरून उडी टाकून यायची,
"काकू, दहाच बॉल," म्हणायची
आणि अंधार पडेस्तोवर दहा मोजत राहायची.
जूनमध्ये पुण्याला गेली, होस्टेलवर.
बाकी गवत आषाढात पोटरीपर्यंत माजलं,
ही पट्टी मात्र उघडीच,
जणू अजून कुणी येऊन राहिलं आहे.

मी म्हटलं, सगळं खणू, नवं लावू.
उइके माळी सौंसरचे, घाई त्यांना माहीत नाही.
"जुनं काढाचं नाही बाई. त्याच्या मधातच टाकाचं.
जुनं असंन तर नव्याले सावली भेटते."

मग त्यांनी गवत बारीक कापलं, दाताळ्यानं
खालचं मेलेलं पिंजर ओढून काढलं: चार घमेली.
इतकं मेलेलं होतं हिरव्याच्या खाली.
पहारीनं भोकं पाडली, काळ्या मातीला
श्वास घ्यायला.
शेणखत चाळलं माझ्या जुन्या पिठाच्या चाळणीनं,
न विचारता.

कॉटन मार्केटातून आणलेलं हरळीचं बी
खसखशीएवढं, वाऱ्यालाही जड नाही.
पिशवीवरची किंमत पाहून उइके हसले,
"आमच्या गावात हे उपटाले मजुरी देतेत,
अन् तुम्ही लावाले!"
मीही हसले. रेतीत कालवून
आधी उभं फेकलं, मग आडवं,
पट्टीवर एक मूठ जास्त.

त्यानंतर मी कुठेही गेले नाही.
दिवसातून तीनदा हजारी, हात हलका,
धार पडली तर बी वाहून जातं.
मुनिया आल्या, झुंडीनं, लाल चोचीच्या आणि राखाडी,
मी टाळ्या वाजवल्या, मग थाळी,
मग एका दुपारी नुसती बसून राहिले.
खाऊ देत. मूठ जास्तीचीच होती.

नवव्या दिवशी काही नाही.
दहाव्या दिवशीही नाही.
बाराव्याला सकाळी कडेनं, अगदी जमिनीला गाल लावून पाहिलं
तर नुकत्या जन्मलेल्या पोराच्या डोक्यावर असते
तेवढी लव.

दिवाळीला कौमुदी आली. या वेळी फाटकातून.
खांदे रुंद झालेले, बोलणं थोडं पुणेरी.
लिंबाशी थांबली. तिची पट्टी तिला सापडेना.
चपला काढल्या, एक पाय उचलून धरला,
"काकू, ठेवू?"

चार बोटं उंच झाल्याशिवाय पाय पडू द्यायचा नाही,
उइकेंनी दोनदा बजावलं होतं.
मी म्हटलं, "आठ दिवस थांब."
"परवा रात्रीची गाडी आहे."

कोवळं गवत तिच्या टाचेखाली मोडलं,
आवाज आला नाही.
तिनं चेंडू नव्हता आणलेला.
तरी सात पावलं ती हळूच चालली,
हात वळवून सोडला,
आणि मोकळ्या बोटांकडे बघत राहिली.

संध्याकाळी मी हजारी भरली.
खळग्याशी जरा जास्त वेळ धरली.