दुसरा ब्रेक

एकतीस हिवाळे मी उजव्या सीटवर काढले,
पायाखाली माझा स्वतःचा ब्रेक.
शिकणाऱ्याला तो दिसत नाही,
पण आहे, हे त्याला ठाऊक असतं.
त्या भरवशावर तो तिसरा गिअर टाकतो.

केमियार्वीत पोरं लवकर चालवायला लागतात.
ओउला तर सहाव्या वर्षापासून स्नोमोबाइलवर,
बापाच्या रेनडियरांमागे, रस्ताच नसलेल्या रानात.
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं,
"रायली, तुम्हाला अजून भीती वाटते का गाडीची?"
म्हटलं, "गाडीची नाही.
तुझ्या त्या हाताची, जो स्टिअरिंगवर नाही."
हसला. हात वर घेतला.
पुढच्या वळणापर्यंत.

पाणी मारून गोठवलेल्या ट्रॅकवर
हिल्ला पाच वेळा गरगरली.
पाचव्यांदा गाडी बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली,
वायपर उगाच चालू,
आणि ती रडता रडता हसत म्हणाली,
"म्हणजे ही माझं ऐकतच नाही!"
मी वहीत लिहिलं: हिल्ला, शिकली.

ओउला एकदाही गरगरला नाही.
मागचं चाक सुटलं की बोटांच्या टोकांनी परत आणायचा,
जसं कुणी उतू जाणाऱ्या दुधावर
नुसती फुंकर घालावी.
कुंपणापाशी पोरं टाळ्या वाजवत होती.
माझी पेन्सिल वहीवर तशीच.
हात बसला होता त्याचा, नजरही बसली होती,
धाक तेवढा बसायचा होता,
आणि धाकाचा तास
आमच्या वेळापत्रकात नाही.

मूस आडवा आला, तर मी सगळ्यांना सांगते,
तो जातोय तिकडे बघू नका.
जिथून आला तिकडे बघा,
गाडी नजरेच्या मागे मागे जाते.
ओउलानं परीक्षेत हे घडाघडा म्हणून दाखवलं.
एकही चूक नाही. परीक्षकानं हात मिळवला.
मीही मिळवला. कोरडा, ऊबदार हात,
अठरा वर्षं आणि चार दिवसांचा.

जानेवारीत, उणे सत्तावीसमध्ये,
दुकानाबाहेर पिशवी घेऊन उभी होते,
तर त्याच्या आजोबांची लाल टोयोटा समोर येऊन थांबली.
मागे तिघं कोंबलेले,
गाणं एवढं मोठं की काचा थरथरत होत्या.
"बसा रायली! आज मी सोडतो."

बसले. उजवीकडेच.
गावाचा शेवटचा दिवा मागे पडला,
दोन्हीकडे स्प्रूसच्या काळ्या भिंती,
मध्ये आमच्या उजेडाएवढाच रस्ता.
सत्तर. ऐंशी. काटा अजून चढतोय.
मागून कुणीसं म्हणालं,
"बाई बसल्यात म्हणून बैलगाडी का रे?"
माझा पाय आपोआप खाली गेला.
तिथे रबराची ओली चटई.
मी ती चटई दाबत राहिले,
पोटरीत गोळा येईपर्यंत.

त्याला दिसलं असावं. बोलला नाही.
गाणं बारीक केलं,
आरशात पाहून म्हणाला, "बेल्ट."
"अरे, दोन किलोमीटर तर..."
"बेल्ट."
मागे तीनदा खट् वाजलं.
काटा किती उतरला, ते मी पाहिलं नाही.
पाहायचं होतं.
पण मान वळवली असती,
तर मी पुन्हा त्याची मास्तरीण झाले असते.

फाटकापाशी उतरले.
दार लागताच गाणं पुन्हा मोठं झालं.
लाकडाच्या गिरणीजवळ एक वळण आहे,
दिवसा अगदी साधं.
मी पायरीवर उभी, टोपी कानांवरून सरकवून.
वळणाआधी गिअर एक खाली आला,
किंवा मला तसं ऐकायचं होतं.
मग बर्फानं आवाज गिळला.

बराच वेळ काहीच झालं नाही.
झालं नाही, हेच ऐकत
मी तिथे किती उभी होते कोण जाणे.
पिशवीतलं दूध कडेनं गोठायला लागलं होतं.